भैरवनाथाचे पन्नास शेअर

कुशाबा ढमाल्यांनी जन्मात एकच भाकीत केलं आणि ते तंतोतंत खरं ठरलं. माणसाचं वाटोळं व्हायला एवढं पुरतं. चुकीचं बोलणाऱ्याला लोक विसरतात, थापा मारणाऱ्याला निवडून देतात, पण दहा वर्षं आधी बरोबर बोलणाऱ्याला आपल्याकडे माफी नाही.

कुशाबा पौडच्या मामलेदार कचेरीत रेकॉर्ड कारकून होते. कचेरीच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली होती. तिथे लाल रुमालांत बांधलेली दप्तरं छतापर्यंत रचलेली होती. कोणाच्या पणजोबाने कोणाचा बांध किती वीत कोरला, याची नोंद त्या खोलीत होती आणि ती फक्त कुशाबांना आणि वाळवीला ठाऊक होती. कुशाबांचं एक पान वाचून होई तोवर वाळवीची चार होत. खोलीच्या दारात काळा कोट घालून ते बसत, येणारे-जाणारे त्यांना 'भाऊसाहेब' म्हणत, आणि हे भाऊसाहेब म्हणणं त्यांना पगारापेक्षा प्रिय होतं. पगार किती होता हे पाहिलं तर त्यात आश्चर्य वाटायला नको.

दिवसभर जुने कागद हुंगणारा माणूस जुन्यात रमतो, असा लोकांचा समज असतो. कुशाबांना जुन्याचा वीट आला होता. सन सत्तावन्नच्या आषाढात रावसाहेबांचा, म्हणजे मामलेदारांचा, पुण्याचा पेपर रद्दी म्हणून रेकॉर्डला जमा झाला आणि त्यात त्यांना एक जाहिरात दिसली. 'दि नूतन काचतंतू अँड रेझिन्स लिमिटेड, मुंबई.' काच वितळवायची, तिचा केसाएवढा धागा ओढायचा, धाग्याचं कापड विणायचं, त्यात एक चिकट रसायन जिरवायचं, की असा पत्रा तयार होतो जो लोखंडासारखा गंजत नाही आणि लाकडासारखा किडत नाही. दहा रुपयांचा एक शेअर. कुशाबांनी 'किडत नाही' हे शब्द तीनदा वाचले. त्यांच्या मांडीवर त्या वेळी अठराशे अडुसष्टचं एक फाळणीपत्रक होतं आणि त्याची अक्षरशः चाळण झाली होती.

त्या दिवसापासून पौडमध्ये कोणाची सुटका राहिली नाही. एस.टी. स्टँडच्या बाजूला इस्माईल मणेराचं बांगड्यांचं दुकान होतं. कुशाबा संध्याकाळी तिथे पाच मिनिटं टेकत आणि तासाभराने उठत. दगडाचा जमाना गेला, लोखंडाचा चालला आहे, येणारा जमाना काचतंतूचा आहे, असं ते बोट वर करून सांगत. मात्र घाई कामाची नाही. आज लावून उद्या काढायचं ते सट्टेबाजाचं काम. शहाण्याने आंबा लावावा तसा पैसा लावावा आणि दहा वर्षं त्याच्याकडे पाहू नये.

"खरं हाय भाऊसाहेब," इस्माईल म्हणे. "माज्या दुकानातच बगा की. चार वर्सांमागं प्लॅस्टिकच्या बांगडीला बाया हात लावत न्हवत्या. आता काचंची बगत्यात आन् प्लॅस्टिकची नेत्यात. तुमी घ्या. पर सोताच्या नावावर घ्या बरं का."

हे शेवटचं वाक्य कुशाबांनी ऐकलं नाही. आपलं पटलेल्या माणसाचं पुढचं बोलणं ऐकायची पद्धत नाही.

बाकीच्यांनी सल्ले दिले. सल्ल्याला पैसा पडत नाही, त्यामुळे मुळशी पेट्यात त्याचा दुष्काळ कधीच नव्हता. कुशाबांचा मेहुणा वाल्मीक मारुंजीहून आला होता. तो म्हणाला, "दाजी, कागुद कशाला घेताय? आमच्या मारुंजीला माळ इकाय हाय. शंभराला एकर. घ्या पाच एकर." कुशाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "त्या खडकात काय पेरू रं? कुसळं?" वाल्मीकही ओशाळून हसला. मारुंजीच्या माळाला कुत्रं विचारणार नाही, यावर तिथे बसलेल्या सगळ्यांचं एकमत झालं.

भावकीतले वडीलधारे कोंडिबा, जे ढमाल्यांच्या वाडीतल्या भैरवनाथ देवस्थानचे मुख्य पंच होते, ते कंपनी हा शब्द ऐकताच उठून बसले. "धरनाची कंपनी आली तवाबी लई ग्वाड बोलली व्हती. माज्या मामाचं गाव पान्यात हाय, कुशा. दिवं म्हंबईत लागलं. काच हाय त्ये. काच फुटती."

पैसा उभा करायचा तो बायकोच्या, सारजाबाईंच्या, गळ्यातून. बावीस सोन्याच्या पुतळ्यांची एकपदरी माळ होती, त्यांच्या आईने, गोजराबाईंनी, घातलेली. कुशाबांनी बायकोपुढे बसून काचतंतूचा सगळा इतिहास सांगितला. सारजाबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "किती वर्सं?"

"दहा. दहा वर्षांनी दुप्पट. लिहून ठेव."

"मला कुटं ल्ह्याया येतंय?" सारजाबाईंनी माळ काढली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. "धा म्हंजे धाच, अवं. अकरावं न्हाई."

पुण्याच्या सराफाने माळ ठेवून घेतली आणि पाचशे रुपये आणि वर थोडी चिल्लर दिली. चिल्लरीची कुशाबांनी बायकोला बोरमाळ आणली, सोन्याचं पाणी दिलेली. सारजाबाईंनी ती फडताळात ठेवली आणि पुन्हा कधी काढली नाही. गळ्यात काळे मणी तेवढे उरले.

आता शेअर घ्यायचे, तर सरकार आडवं आलं. अव्वल कारकुनाने चष्म्यावरून पाहून सांगितलं, "भाऊसाहेब, सरकारी नोकराने असल्या भानगडीत पडायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. बायकोच्या नावावर घेतलं तरी लागते." कुशाबांनी अर्ज केला. अर्ज प्रांताकडे गेला, प्रांताकडून वर गेला आणि पंधरवड्याने शेरा घेऊन खाली आला : 'सदर कंपनी अल्पबचत योजनेत मोडते किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.' कंपनीची मुदत आठ दिवसांवर आली होती. खुलासा करून उत्तर येईपर्यंत काचतंतूचा जमाना येऊन गेला असता.

धाकट्या भावाच्या, भिकूच्या, नावाचा विचार करता आला असता. पण भिकूच्या नावावर ठेवलेली वस्तू भिकूची, हे ढमाल्यांच्या घरात गुरंही ओळखून होती.

आणि इथे कुशाबांची विद्या आडवी आली. अडाणी माणूस अशी चूक करू शकत नाही, त्याला वीस वर्षं रेकॉर्डरूम लागते. सातबाराच्या उताऱ्यावर त्यांनी जन्मभर देवांची नावं पाहिली होती. जमीन देवाच्या नावे असते आणि खाली लिहिलेलं असतं, वहिवाटदार अमुक तमुक. देव कागदावर राहतो आणि वहिवाटदार भात खातो. भावकी त्या जमिनीला हात लावत नाही, सावकार लावत नाही, सरकारही दहादा विचार करतं. असा सुरक्षित मालक सोडून माणसाच्या नावावर मिळकत ठेवणारा मूर्खच म्हणायचा. जी सोय पौडच्या तलाठ्याला सुचली, ती मुंबईच्या कंपनीने केली नसेल, हे कुशाबांच्या स्वप्नातही आलं नाही.

त्यांनी फॉर्म भरला. कचेरीतलं सगळ्यांत सुंदर अक्षर त्यांचं होतं. अर्जदाराचं नाव : श्री भैरवनाथ. बापाचं नाव : स्वयंभू. वय : सज्ञान. धंदा : शेती, देवस्थान इनाम वर्ग तीन. मुक्काम : ढमाल्यांची वाडी, पोस्ट पौड. सहीच्या जागी ते जरा अडले. मग त्यांना जुन्या कागदांतली रीत आठवली. निरक्षर कुणबी सहीऐवजी नांगर काढी, वाणी तराजू काढी. कुशाबांनी झोकदार त्रिशूळ काढला आणि शेजारी लिहिलं, 'निशाणी त्रिशूळ'. समासात बारीक अक्षरात 'वहिवाटदार कुशाबा रामजी ढमाले' अशी नोंद केली, आणि त्या रात्री ते गाढ झोपले.

समासातली ती ओळ मुंबईत कोणी वाचली नाही.

दोन महिन्यांनी रजिस्टर टपाल आलं. पोस्टमन मौला हा नेकीचा माणूस. ज्याचं नाव त्याच्याच हातात, हा त्याचा बाणा. कुशाबा कचेरीत होते. ते घरी असते तरी उपयोग नव्हता, कारण पाकिटावर त्यांचं नाव नव्हतं. मौला कोसभर चालत वाडीत गेला, देवळाच्या पायरीखाली वहाणा काढून उभा राहिला आणि पुजाऱ्याला, बहिरू गुरवाला, हाक मारून म्हणाला, "देवाच्या नावचं रजिस्टर हाय. अंगठा लागंल."

बहिरूने स्वतःचा अंगठा दिला आणि पाकीट देवापुढे फोडलं. आतून सोनेरी वेलबुट्टीचा जाडजूड इंग्रजी कागद निघाला. तासाभरात वाडी देवळात जमली. शाळामास्तरने वाचून सांगितलं की आपला भैरवनाथ मुंबईच्या कंपनीचा भागीदार आहे, पन्नास हिश्शांचा मालक. सकाळपर्यंत कंपनी म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा येत होता, त्या कोंडिबांनी ढोल आणायला माणूस पाठवला.

कुशाबा संध्याकाळी छत्री झुलवत आले ते थेट ढोलात सापडले. कागदाला हळदकुंकू लागलं होतं आणि सुताराकडून चौकटीचं माप घेणं चालू होतं. बहिरूने देणाऱ्याचं नाव सांगून टाकलं होतं. तालुक्यात काचतंतूचं वेड दुसऱ्या कोणाला नव्हतं. कोंडिबा पुढे झाले. "कुशा, लेका, आमी तुला चिकट म्हनत हुतो. तू गपचिप देवाला एवढं वाहिलंस, आन् बोलला न्हाईस!" त्यांनी कुशाबांच्या खांद्यावर शेला टाकला आणि हातात नारळ दिला.

बोलायची वेळ ती होती. 'अहो, हे माझं आहे' एवढे चार शब्द. पण त्या शब्दांमागे नोकरीचे नियम उभे होते, देवाच्या आडून पैसा दडवल्याची नाचक्की उभी होती, आणि खरं सांगायचं तर त्या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सगळी वाडी कुशाबांकडे कौतुकाने पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. कुशाबांनी नारळ घेतला आणि किंचित मान लववली. देवळाच्या खांबाशी सारजाबाई उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

घरी त्या एवढंच म्हणाल्या, "कागुद आपलाच न्हवं?"

"हळू बोल. आपलाच आहे. नाव फक्त देवाचं."

"मग नारळ कशापायी घेतला?"

नारळाची चटणी झाली आणि कुशाबांनी ती मुकाट्याने खाल्ली.

पुढली वर्षं वाडी आणि मुंबई यांच्या पत्रव्यवहाराची होती. 'प्रिय महाशय, कंपनीच्या वार्षिक सभेस आपण जातीने हजर राहावे, अथवा प्रतिनिधी नेमावा.' देवाने मुंबईला जावं का, याचा कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांना दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली, देव गेले नाहीत. पुढल्या वर्षी एका डायरेक्टराला निवडून द्यावं का असं विचारणारा कागद आला. उजवी पडली. कुशाबांनी त्रिशूळ काढून कागद धाडला, ते गृहस्थ निवडून आले आणि वाडीत गूळ वाटला. लाभांशाचा कागद आला की पंच तो देवस्थानच्या खात्यात भरत आणि त्यातून देवाला तेलवात होई. तिसऱ्या वर्षी कंपनीने भागीदारांना स्वतःच्या मालाची एकेक बादली भेट दिली. हिरवी, पिसासारखी हलकी. कोंडिबांच्या म्हशीने तिच्यावर पाय दिला. बादली दबली आणि म्हैस बाजूला होताच पुन्हा फुगून उभी राहिली. कोंडिबांनी म्हशीला पुन्हा तिच्यावर उभं केलं. वाडीची खात्री पटली. देव त्याच बादलीने अंघोळ करू लागला.

कुशाबांची मात्र अंघोळ दर आठवड्याला वाडीच्या बोलण्यांनी होऊ लागली. बासष्ट साली लढाई झाली, कंपनीचा भाव उतरला आणि दहाचा शेअर चारवर आला. शाळामास्तरने पेपरात वाचून ही बातमी वाडीला दिली. ज्या गावाने त्यांना शेला दिला होता त्याच गावाने त्यांना पारावर उभं केलं. "कुशा, देवाला खड्ड्यात घातलंस की रं!" भिकू म्हणाला, "म्या आदीच म्हनत हुतो." तो काही म्हणाला नव्हता. तोटा झाला तेव्हा कागद कुशाबांचा होता. नफा झाला तेव्हा तो देवाचा झाला. ही वाटणी कोणत्याही फाळणीपत्रकात नव्हती, पण वाडीने ती चोख पाळली.

कुशाबा ढळले नाहीत. आंबा लावला की मुळं उकरून पाहायची नसतात, असं ते इस्माईलला सांगत राहिले. घरी सांगायचं त्यांनी सोडून दिलं होतं. सारजाबाई भांडत नसत, रडत नसत. लग्नकार्याला गेल्या की पदर गळ्याभोवती ओढून बसत, एवढंच. बायकांनी विचारलं तर म्हणत, "माळ व्हय? म्हंबईला गेलीया. यील."

आणि मग भाकीत खरं झालं. पासष्टपासून सगळ्यांना काचतंतू हवासा झाला. रेल्वेला हवा, पाटबंधाऱ्याच्या नळांना हवा, गिरण्यांच्या छपरांना हवा. एकाला एक शेअर फुकट मिळाला, पन्नासाचे शंभर झाले आणि भाव पंचवीसवर गेला. एके दिवशी इस्माईल पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीत आला आणि त्याने चक्क कुशाबांच्या पायांना हात लावला.

"भाऊसाहेब, तुमचं ऐकून तवाच तीस घेतलं हुतं, घरवालीच्या, बीबीजानच्या नावानं. निम्मं इकलं. दुकानावर माडी चढवतोय. तुमी न्हसता तर आमी जल्मभर बांगड्याच भरत बसलो असतो." मग त्याने आवाज खाली आणला. "तुमचं किती झालं?"

"आमचं," कुशाबा म्हणाले, "देवाचं झालं."

बीबीजानच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या. बाजाराच्या दिवशी सारजाबाईंनी त्या पाहिल्या. घरी येऊन त्यांनी बोटं मोडून पाहिली आणि म्हणाल्या, "अवं, धा झाली."

कुशाबांनी काळा कोट झटकला आणि शेअर विकायला काढले. निम्मेच विकायचे, बायकोची माळ करायची आणि बाकी देवाला खरोखरच सोडून द्यायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चौकटीतला कागद 'कंपनीला तपासायला हवाय' असं बहिरूला सांगून त्यांनी काढून घेतला, विक्रीच्या फॉर्मवर त्रिशूळ काढला आणि टपालात टाकला. महिन्याने उत्तर आलं. 'आपल्या सहीचा नमुना जुळत नाही. मूळ नमुन्यात मधले टोक सरळ असून प्रस्तुत सहीत ते डावीकडे झुकलेले आहे.' कुशाबांनी पट्टी धरून पुन्हा काढला. उत्तर आलं, 'प्रस्तुत सही पट्टीने काढलेली दिसते.' तिसऱ्यांदा कंपनीने फर्मावलं की श्री. भैरवनाथ यांनी तालुका मॅजिस्ट्रेटसमोर जातीने हजर राहून ओळख पटवून द्यावी.

तालुका मॅजिस्ट्रेट म्हणजे रावसाहेब. कुशाबा कागद घेऊन आत गेले. रावसाहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "हा इसम कुठे आहे?"

"वाडीला, साहेब."

"मग आणा त्याला."

"त्यांना हलवता येत नाही, साहेब."

"आजारी आहे?"

"पाषाणाचे आहेत, साहेब."

रावसाहेबांनी कागद टेबलावरून हळूच परत सरकवला. "भाऊसाहेब, पेन्शनला किती वर्षं राहिली?"

"सहा."

"मग हे मी पाहिलेलं नाही."

आता एकच वाट उरली होती. रविवारी सकाळी कुशाबांनी देवळात पंच बसवले आणि दहा वर्षं गिळलेलं सगळं ओकून टाकलं. माळ, सराफ, परवानगीचा अर्ज, सातबारा, समासातली ओळ. "देवाला मी काही वाहिलं नव्हतं. ती माझ्या बायकोची माळ होती. निम्मे द्या. तिचा गळा दहा वर्षं उघडा आहे."

कोंडिबा म्हणाले, "देवालाच इचारू."

बहिरूने कळ्या लावल्या. 'कुशाबाचं त्येला द्यायचं का?' कुशाबांनी डोळे मिटले. खांबाशी सारजाबाई हात जोडून उभ्या होत्या. दोन जपमाळा होतील एवढा वेळ गेला आणि टप्पकन कळी पडली. उजवी.

कुशाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दहा वर्षांत त्यांचा अर्ज मंजूर करणारा हा पहिला वरिष्ठ होता.

कोंडिबांनी ती कळी उचलली, भाळाला लावली आणि घसा खाकरला. "देव व्हय म्हनला. म्हननारच. देव भोळा हाय. मागंल त्येला देतुया. पर देव दिलदार झाला म्हनून आपुन त्येची लूट करायची का? भोळ्या मालकाची इस्टेट वहिवाटदारानं राखायची आसती. कुशा, तूच सांग, सातबारात आसंच आसतं का न्हाई?"

पंचांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "नारळ बी घेतलाय त्येनं." दुसरा म्हणाला, "शेला बी."

कुशाबांना देवाचा निकाल हाती घेऊन अपील कुठे करायचं ते कळेना.

"तरी पर," कोंडिबा मोठ्या मनाने पुढे म्हणाले, "लेकराचं मन मोडाया नगं. माळंचं हाय म्हनतोय न्हवं त्यो? मग माळच करू. जोगूबाईचा गळा बी उघडाच हाय." जोगूबाई म्हणजे भैरवनाथाच्या डाव्या अंगाची देवी. ही सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. देवस्थानची धर्मादाय कचेरीत नोंदणी होती. चार पंचांचा ठराव, नोंदणीचा दाखला आणि शिक्का कंपनीला गेला आणि एकवीस दिवसांत शंभरच्या शंभर शेअर विकले गेले. त्रिशूळ लागला नाही, मॅजिस्ट्रेट लागला नाही. ठराव मात्र सुवाच्य अक्षरात हवा होता. तो कुशाबांनी लिहिला. त्यात 'वहिवाटदार' हा शब्द पाच वेळा आला होता आणि एकदाही तो त्यांच्या नावापुढे नव्हता.

दसऱ्याला देवीला माळ घालायची होती. मान ढमाल्यांचा, आणि देणगी ज्याची त्याच्याच लक्ष्मीने ती घालावी, असं पंचांनी ठरवलं. इतका समंजसपणा वाडीने पूर्वी दाखवला नव्हता. सारजाबाई नऊवारी नेसून गाभाऱ्यात गेल्या. कुशाबा उंबऱ्याबाहेर काळ्या कोटात उभे होते, हातात नवा नारळ होता. बाहेर ढोल वाजत होते. बहिरूने ताटातला लाल कपडा बाजूला केला.

सारजाबाईंनी माळ उचलली. फिरकीचा फासा उलगडायला त्यांना पाहावं लागलं नाही, बोटांनी तो आपोआप उलगडला. त्यांनी ती देवीच्या गळ्यात घातली, फासा मागे घट्ट केला, पुतळ्या एकेक करून सरळ केल्या, देवीच्या पायाला हात लावून तो हात आपल्या गळ्याला लावला आणि बाहेर आल्या. कुशाबांच्या शेजारी त्या क्षणभर थांबल्या.

"अवं," त्या म्हणाल्या, "माजी यकपदरी व्हती. ही दुपदरी हाय. दुप्पट हुईल म्हनला व्हता न्हवं? झाली."

मग त्यांनी नवऱ्याच्या हातातला नारळ काढून घेतला. "ह्यो तरी माज्याकडं द्या," असं म्हणून तो पदराखाली धरला आणि देवळाच्या पायऱ्या उतरून घरच्या वाटेला लागल्या.